खालच्या तुकड्याला कागद

निफाड तालुक्यात कादवेच्या काठाला माझ्या मामांची चार एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. दोन एकर नदीकडे उतरत्या अंगाला, दोन एकर रस्त्याच्या बाजूला चढावर. घरात त्यांना खालचा तुकडा आणि वरचा तुकडा म्हणतात. २०२४ च्या हिवाळ्यात या बागेपुढे एकच प्रश्न होता: घडांना कागद लावायचा का, आणि लावायचा तर किती एकरांना? उत्तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यायचं होतं आणि ज्या थंडीची भीती होती ती पडली असती तर नाताळानंतर. त्या निर्णयाची ही हकीकत. मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो, नोकरी आकडेमोडीची. त्यामुळे मामांच्या लेखी मी त्यांच्या बागेचा हवामान-मुनीम.

बागायतदाराला सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी: मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडून साखर भरू लागली, की पुढचे तीन-चार आठवडे नाजूक असतात. या दिवसांत दुपारी ऊन तीस अंशांच्या आसपास आणि पहाटे पारा एकदम खाली, असं होत राहिलं की हिरव्या-पिवळ्या मण्यांवर गुलाबी झाक चढते. तिला सगळे पिंक बेरीच म्हणतात. चवीला असा मणी वाईट नसतो, पण निर्यातीच्या पेटीत तो चालत नाही. घडाभोवती कागद गुंडाळला तर उन्हाचा आणि गारठ्याचा झटका थोडा बोथट होतो. मात्र कागद पाणी उतरण्याआधी लागला पाहिजे, गुलाबी झाल्यावर लावलेला कागद म्हणजे नुसती मजुरी.

मामांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, २५ सप्टेंबरला झाली होती. तिथून पाणी उतरायला नव्वद दिवस धरले तर २४ डिसेंबर. म्हणजे कागदाचं काम २० तारखेच्या आत उरकायला हवं. काम करणारी टोळी पेठकडची, आणि डिसेंबरात प्रत्येक बागेला तीच हवी असते. मुकादमानं महिन्याच्या सुरुवातीलाच फोनवर सांगून टाकलं होतं, "गुरुवारपर्यंत कळवा मालक, नाहीतर मी दुसरीकडं उचल घेतली." तो गुरुवार ५ डिसेंबरचा. जोखमीचे दिवस २४ डिसेंबर ते २० जानेवारी. मामांना तीन ते साडेसहा आठवडे पुढची पहाट आज ठरवायची होती.

माहिती मात्र ढिगानं होती. ऑक्टोबरपासूनच मामांच्या फोनवर एक मेसेज फिरत होता: यंदा ला निना, त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत पडली नाही अशी कडाक्याची थंडी. खाली लाल अक्षरांत ‘सर्व शेतकरी बांधवांना पाठवा’. मेसेजच्या मुळाशी खरी गोष्ट होती. विषुववृत्तीय प्रशांत महासागराचं पाणी थंड होणं म्हणजे ला निना, आणि अशा वर्षी आपल्याकडचा हिवाळा गार राहण्याकडे थोडा कल असतो. पण मेसेजनं ‘थोडा कल’ एवढंच गाळलं होतं. शिवाय खुद्द ला निनाच वेळेवर आली नव्हती. २०२४ च्या उन्हाळ्यात जगभरचे अंदाज सांगत होते की पावसाळा संपेपर्यंत ती येईल. पाणी थंड व्हायला हिवाळा उजाडला, आणि अमेरिकेच्या हवामान संस्थेनं ला निना जाहीर केली ती ९ जानेवारी २०२५ ला, तीही कमजोर. समुद्र ही या सगळ्या खेळातली सर्वांत संथ, म्हणून सर्वांत भरवशाची गोष्ट. तीच जर चार-सहा महिने उशिरा येत असेल, तर तिच्या जिवावर जानेवारीतल्या पहाटेचं भाकीत करणाऱ्याची मला गंमत वाटते.

दुसऱ्या बाजूला भारतीय हवामान विभागाचा हंगामी अंदाज होता, डिसेंबरच्या सुरुवातीला आलेला. डिसेंबर ते फेब्रुवारी देशाच्या बहुतेक भागांत किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता, थंडीच्या लाटांचे दिवसही कमी. मेसेजच्या अगदी उलट. मी तो मामांना वाचून दाखवला.

"म्हणजे थंडी पडंल का नाही, एवढं सांग."

"तीन महिन्यांची सरासरी वर राहील, असं म्हणतात."

"माझ्या मण्याला सरासरी कळती का?"

या प्रश्नानंतर मी अंदाज वाचायची पद्धतच बदलली. नव्वद रात्रींपैकी ऐंशी उबदार आणि दहा कडक असल्या तरी सरासरी वर राहू शकते. बाग बिघडवायला त्या दहा पुरेशा आहेत. हंगामी अंदाज चुकीचा नव्हता. त्यानं ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं तो मामांचा प्रश्न नव्हता, इतकंच.

मामांच्या प्रश्नाच्या जास्त जवळ जाणारी चीज म्हणजे हवामान विभागाचा विस्तारित पल्ल्याचा अंदाज. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ही पद्धत घडली आणि आता विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचे नकाशे देतो. ५ डिसेंबरला मुंबईत नव्या सरकारचा शपथविधी चालू होता, ऑफिसात सगळे त्या पडद्यापुढे, आणि मी कोपऱ्यात नकाशे उघडून बसलो. पहिल्या आठवड्याच्या नकाशात रंग ठाम होते. दुसऱ्यात जरा विरळ. तिसऱ्या-चौथ्यात महाराष्ट्रावर जवळजवळ कोरा कागद. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कोरं म्हणजे सरासरीइतकी थंडी. तसं नसतं. संगणक एकच गणित डझनावर वेळा चालवतो, दर वेळी सुरुवातीचे आकडे कणभर बदलून. पहिल्या आठवड्यात सगळी उत्तरं एका दिशेला जातात. चौथ्यात काही गारठ्याकडे, काही उबेकडे, आणि त्यांची बेरीज शून्याच्या आसपास येते. नकाशा कोरा दिसतो तो आपसांतल्या भांडणामुळे.

हे भांडण का होतं, याचा किस्सा प्रसिद्ध आहे. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ हवामानाचं एक छोटं गणित संगणकावर परत चालवत होते. वेळ वाचवायला त्यांनी ०.५०६१२७ च्या जागी छापील कागदावरचा ०.५०६ टाकला. चहा-कॉफी घेऊन परत येतात तर दोन्ही उत्तरांचा एकमेकींशी संबंध उरला नव्हता. पुढे त्यांनीच हिशेब मांडला की रोजच्या हवामानाचं भाकीत साधारण दोन आठवड्यांपलीकडे जाणं मुळातच अवघड आहे. मामांच्या फोनमधलं अॅप मात्र चौदाव्या दिवसासमोर निर्धास्तपणे ‘९°’ लिहितं, तेही पहिल्या दिवसाच्याच ठसठशीत अक्षरात. तिथं ‘६ ते १४ मधलं काहीही’ असं लिहिलं असतं तर ते खरं ठरलं असतं, पण मग अॅप कोणी घेतलं नसतं.

दोन आठवड्यांपलीकडे अगदीच अंधार असतो असं नाही. रोलँड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी १९७१-७२ मध्ये उष्ण कटिबंधात पूर्वेकडे सरकणारी ढगांची एक लाट दाखवून दिली. तीस ते साठ दिवसांत ती पृथ्वीला फेरी मारते, आणि ती कुठे आहे हे कळलं की दोन-तीन आठवडे पुढचा अंधुक अदमास बांधता येतो. पावसाळ्यात तिचा उपयोग जास्त. निफाडच्या थंडीचा धागा मात्र दुसरीकडे बांधलेला आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयावर आदळतात, ते पुढे सरकले की त्यांच्या पाठीमागून वायव्येचा कोरडा गार वारा राजस्थान-गुजरातवरून आपल्याकडे उतरतो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला, अशी रात्र मिळाली की जमीन आपली सगळी ऊब वर सोडून देते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडचा पारा दोनच्या आसपास गेला होता, बागेत दवाचं बर्फ झालं होतं, ते असंच. आणि याच रात्री मध्येच ढग आले तर तीच रात्र सात-आठ अंशांनी उबदार. म्हणून प्रश्न नुसता थंडीचा राहत नाही. कोणता झंझावात कोणत्या दिवशी, आणि मध्ये ढग आणणारं काही आहे का, हे कळावं लागतं.

ते काय असू शकतं याचा पुरावा त्याच आठवड्यात डोक्यावर होता. नोव्हेंबर संपताना गारठा छान वाढला होता. तेवढ्यात बंगालच्या उपसागरात फेंगल चक्रीवादळ उठलं आणि ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं. त्याचं बाष्प इथवर पोचलं, आभाळ भरलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निफाडकर स्वेटर काढून फिरत होते. थंडीऐवजी डाऊनी या बुरशीवरच्या फवारण्या सुरू झाल्या. तीन आठवडे आधी या वादळाला नाव नव्हतं, जागाही नव्हती.

तर ५ तारखेला संध्याकाळी मी मामांना फोन करून प्रामाणिकपणे सांगितलं, "नाताळानंतरचं मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही."

"मग तुझा उपयोग काय?"

उपयोग निघाला तो मामांच्याच एका सवयीतून. दोन्ही तुकड्यांत मांडवाखाली, घडाच्या उंचीवर, एकेक कमाल-किमान तापमापी टांगलेला आहे. मामी रोज सकाळी दूध काढून झालं की दोन्हीकडे चक्कर मारतात आणि आकडे वहीत लिहितात. वही म्हणजे एका खत कंपनीची फुकट मिळालेली डायरी, पानांवर मध्येच डेअरीचा हिशेब, मजुरांची हजेरी, कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त. मी तीन हिवाळ्यांची पानं फोनवर मागवली आणि रात्री बसून उतरवून काढली.

पहिली गोष्ट ताबडतोब दिसली. निरभ्र, वारा नसलेल्या पहाटे खालचा तुकडा वरच्यापेक्षा दीड ते अडीच अंशांनी गार. ढगाळ किंवा वाऱ्याच्या पहाटे दोन्ही सारखे. गार हवा जड असते, रात्री ती पाण्यासारखी उताराला लागते आणि कादवेच्या खोलगट अंगाला साचते. हे मामांना माहीत होतंच, "खाली कान गार पडतात" असं ते म्हणायचे. आता कानाऐवजी आकडा होता. दुसरी गोष्ट: २५ डिसेंबर ते २० जानेवारी या दिवसांत ८ अंशांच्या खाली गेलेल्या पहाटा खालच्या तुकड्यात तीन वर्षांत अनुक्रमे ९, ४ आणि ११. वरच्या तुकड्यात ३, ०, ४. पिंक बेरीचा जाणवण्याजोगा फटका खाली तीनपैकी दोन वर्षी बसला होता, वर एकदाच.

तीन हिवाळे म्हणजे काहीच नाही, हे मीच माझ्या ऑफिसात इतरांना ऐकवत असतो. पण चौथ्या आठवड्याच्या कोऱ्या नकाशापेक्षा ते जास्त होते.

मग पैशाचा हिशेब मांडला. आकडे मामांचे. कागद आणि उक्ती मजुरी धरून एकरी ४५ हजार. फटका बसला तर एकरी दहा टनांतला चारेक टन माल निर्यातीतून बाद होतो आणि किलोमागे तीस रुपये कमी मिळतात, म्हणजे एक लाख वीस हजार. ४५ भागिले १२०, आलं ०.३७५. अर्थ असा की फटक्याची शक्यता शंभरात सदतीस-अडतीसच्या वर असेल तर कागद परवडतो, खाली असेल तर नाही. कागद पूर्ण वाचवत नाही, म्हणून प्रत्यक्षात ही रेघ आणखी जरा वर सरकते. खालच्या तुकड्याचा जुना अनुभव तीनात दोन. हंगामी अंदाज ‘उबदार’ म्हणतोय म्हणून त्यातून काही कापलं, तरी पन्नासच्या आसपास. रेघेच्या वर. वरच्या तुकड्याचा तीनात एक, त्यातूनही कापलं तर पाव. रेघेच्या खाली.

हंगामी अंदाजाचा उपयोग हा असा झाला: जुन्या अनुभवाला हलकासा धक्का देण्यापुरता. मामांना हे भागाकारानं पटलं नाही. "चारी एकर लावून मोकळं व्हावं" असंच त्यांचं मत होतं, शेजारच्या दोन बागांनी टोळ्या बोलावल्याही होत्या. पटवलं मामींनी. "मागच्याच्या मागच्या वर्षी कागद ओले झाले तेव्हा कोणी सोडवले?" एवढंच त्या म्हणाल्या. अवकाळी पाऊस झाला की कागद घडाला चिकटतो, आत दमट राहतं आणि कूज लागते, आणि बाहेरून काही दिसत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट या भागात अजून कोणी विसरलेलं नाही. कागद म्हणजे थंडीविरुद्ध विमा आणि पाऊस येणार नाही यावर लावलेली पैज, हा मुद्दा माझ्या भागाकारात आलाच नव्हता.

मुकादमाशी बोलणं मामांनी केलं. दोन एकर पक्के. वरच्या दोन एकरांसाठी थोडी उचल जास्त देऊन एवढंच कबूल करून घेतलं की १६ तारखेला टोळी खालचं उरकेल तेव्हा वर जायचं की नाही हे त्याच दिवशी सांगायचं. या सबंध प्रकरणात मला सर्वांत शहाणपणाचं वाटलं ते हे, आणि ते माझं डोकं नव्हतं. अकरा दिवस विकत घेतले. ५ तारखेला जो काळ चौथ्या आठवड्यात होता तो १६ ला दुसऱ्या-तिसऱ्यात येणार होता. नकाशा सुधारत नव्हता, मामाच त्याच्याजवळ सरकले.

मग फेंगलचे ढग विरले आणि डिसेंबरच्या मध्याला थंडी अशी कोसळली की १५ ला रविवारी पहाटे मामांचा फोटो आला: तापमापी, मागे अंधार, त्यावर मोबाइलचा उजेड, आकडा ५.२. खाली लिहिलेलं, ‘तुमची उबदार थंडी’. त्या आठवड्यात मराठी बातम्यांत निफाड, धुळे, जळगाव हीच नावं. बागांत शेकोट्या, पहाटेपासून ठिबक चालू. ही लाट आठवडाभर आधी अंदाजात नीट दिसली होती, १२ च्या गुरुवारी तर नकाशा ठसठशीत निळा होता, पण दोन आठवड्यांपूर्वीच्या ‘कमी थंडी’नं मला माझ्याच मामांपुढे तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. मणी अजून कडक होते, त्यामुळे पिंकचा धोका नव्हता. फुगवण तेवढी थांबली.

खरी परीक्षा १६ ला होती. मुकादम बांधावर उभा, मामांचा फोन कानाला. डोळ्यांपुढे ५.२, सगळा गाव गारठलेला. अशा वेळी माणूस चार एकर कागद लावतोच. मी वहीच धरून बसलो: आत्ता पडलेली थंडी पुढच्या महिन्याची थंडी वाढवत नाही. लाट येते आणि मोडते. नकाशात नाताळच्या सुमाराला वारे फिरून बाष्प येण्याची चिन्हं होती, ठाम नव्हे, पण होती. मामा बराच वेळ गप्प होते. मग मुकादमाला म्हणाले, "वर राहू दे." जास्तीची उचल बुडाली.

वारे फिरले. २६ ते २८ डिसेंबरच्या दरम्यान उत्तर महाराष्ट्रात पावसाचा आणि गारांचा इशारा आला, चार-पाच दिवस आधी, ज्याच्यावर माणूस काही करू शकतो असा. आमच्या शिवारात ढग आणि थोडे थेंब, त्यावर निभावलं. खालच्या तुकड्यात कागद दमट झाले, मामींनी दोन दिवस ओळीओळीनं कागद उघडून घड पाहिले, सतराशे साठ वेळा मला दूषणं दिली असणार. पुढे जानेवारीत खालच्या तुकड्यात ८ च्या खाली ६ पहाटा, वर एकच. देशभराचा विचार केला तर तो जानेवारी १९०१ पासूनचा तिसरा सर्वांत उबदार ठरला, आणि फेब्रुवारी तर सर्वांत उबदार. हंगामी अंदाज जिंकला. डिसेंबरच्या मध्याला जिंकला होता तो व्हॉट्सअॅपवाला.

खालचा माल स्वच्छ निघाला. वरच्या तुकड्यात पश्चिमेच्या कडेच्या दोन ओळींत घडाच्या खांद्यावर गुलाबी मणी आले, व्यापाऱ्याच्या माणसानं बॅटरी मारून ते बरोबर शोधले आणि भाव दोन रुपयांनी तोडला. उरलेला माल गेला. मामा म्हणाले, "बरोबर सांगितलंस." मला हे कौतुक घेता आलं नाही. सहा पहाटांत कागद नसता तर खालचा माल किती बिघडला असता हे कळायला एखादी ओळ उघडी ठेवायला हवी होती, ती आम्ही ठेवली नाही. आणि जानेवारीत एक लाट जास्त आली असती, तर याच हिशेबावर वरचा तुकडा गेला असता आणि हिशेब तरीही हाच राहिला असता.

दोन तापमाप्यांच्या जोडीला आता तिसरा आहे, पश्चिमेच्या कडेला. मामींनी डायरीत तिसरा रकाना आखला.

२०२५ च्या ऑक्टोबरात ला निना परत आली आणि तिच्याबरोबर मेसेजही, या वेळी निळ्या अक्षरांत. मी मामांना फोन केला, कागद किती मागवायचा विचारायला. त्या वर्षी मे महिन्यापासून पावसानं उसंत दिली नव्हती, काडीत घडच धरले नव्हते.

"खालच्या तुकड्याला निम्मा पुरंल," मामा म्हणाले. "झाकायला आहे काय?"